गाडीतली चिमणी

१

गाडी बघायला आलेला दुसरा माणूस दहा मिनिटांतच परत आला. त्याने किल्ली ग्रंथपाल बाईंच्या हातात दिलीसुद्धा नाही. फाटकाच्या खांबावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला.

"बाई, गाडी चांगली आहे. इंजिन चांगलं, रंग चांगला. पण तिच्यात काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे?"

"ते तुम्ही शोधा. माझी भल्या पहाटे पाव पोचवायची कामं असतात, एकट्याने जावं लागतं. असला आवाज सोबतीला नको मला."

हा बेकरीवाला. त्याच्या आधी एक ड्रायव्हिंग शिकवणारे गृहस्थ असेच तोंड वाकडं करून गेले होते. बाईंनी किल्ली उचलली आणि गाडीकडे पाहत उभ्या राहिल्या. गाडी जुनी होती, पण नवऱ्याने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. चौदा महिन्यांपूर्वी एका दुपारी कामावरच छातीत कळ आली आणि तो गेला. तेव्हापासून घरात बाई आणि सासरे, दोघंच.

आता बहिणीच्या गावातल्या कॉलेजात बाईंना नोकरी मिळाली होती. बसने सहा तासांचा रस्ता. घरही बघून झालं होतं: तिसरा मजला, खाली सायकल ठेवायलाही जागा नाही. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. एकोणीस दिवस उरले होते, आणि गाडी काही जायचं नाव घेत नव्हती.

आवाज सुरू झाला त्याला तीन आठवडे झाले होते. गाडी खड्ड्यात गेली की मागून कुठून तरी बारीक, चिरका, चिमणीसारखा. गॅरेजात दोनदा नेली. गॅरेजवालीने दोन्ही वेळा हात टेकले.

"आता एकच उपाय," ती म्हणाली होती. "आमच्या अप्पांना उठवते."

२

गॅरेजवालीच्या अप्पांना सगळे कानसेन म्हणत. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की ते आतून, चहाचा कप न ठेवता, सांगत की पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग चाललंय. माणसं मुद्दाम पैजा लावून ऐकायला यायची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून गॅरेज लेकीच्या हवाली केलं आणि घरी बसले.

लेकीने सगळा पाढा वाचला. "चाकं काढली, सायलेन्सर आवळला, दारांचे पत्रे उघडले. मागची सीट उचलून खाली पाहिलं. साधा नटसुद्धा नाही सापडला. कारागिराला चालवायला बसवलं, मी मागे बसून खराब रस्त्याने तीन फेऱ्या मारल्या. ढिम्म. आणि बाई घरी न्यायला निघाल्या की फाटकाबाहेर पडताच चिवचिव सुरू!"

"म्हणजे गाडी तुला घाबरते," कानसेन म्हणाले.

"थट्टा नको. बाईंना एक तारखेच्या आत जायचंय."

ग्रंथपाल बाई गाडी घेऊन आल्या. कानसेन त्यांच्या शेजारी पुढे बसले. जुन्या वीटभट्टीकडचा रस्ता खड्ड्यांचा होता. पहिल्याच खड्ड्यात बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आला! ऐकलंत?"

कानसेनांनी मान हलवली.

"हा बघा, परत! मागून येतोय ना, काका?"

"हं. येतोय."

रस्ता संपेपर्यंत बाईंनी अकरा वेळा "आला" म्हटलं. कानसेनांनी अकरा वेळा मान हलवली. गुडघ्यांचं कारण खोटं होतं. किटली ओट्यावर शिट्टी मारत राहते आणि आपल्याला फक्त वाफ दिसते, हे लक्षात आलं त्या सकाळी त्यांनी गॅरेज सोडायचं ठरवलं होतं. जाड आवाज अजून यायचे. बारीक सगळे गेले होते. पक्षी, पान्याची खणखण, लेकीचं गुणगुणणं. त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

आणि आता अख्ख्या रस्त्यात त्यांना टायर आणि इंजिन सोडून काहीही ऐकू आलं नव्हतं.

३

नाही म्हणणं सोपं होतं. पण खाली उतरताना बाई म्हणाल्या, "ही गाडी भंगारात द्यावी लागली तर मला नाही सहन व्हायचं, काका. कोणीतरी चांगल्या माणसाने चालवावी, एवढंच." त्यावर कानसेनांना नाही म्हणवलं नाही. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं, आपले कान नाहीत तर दुसऱ्यांचे वापरू.

आधी ते बेकरीवाल्याकडे गेले. तो ट्रे पुसत होता.

"कसा होता आवाज? नीट आठवून सांगा."

"बशीवर चमचा घासल्यासारखा. नाही, घासल्यासारखा नाही. टेकल्यासारखा. सारखा टेकतोय, सारखा टेकतोय."

"गाडीत कोण कोण होतं?"

"मी एकटाच. तेच तर! एकटा असताना मागून कोणी बशी वाजवली तर तुम्हाला कसं वाटेल?"

ड्रायव्हिंग शिकवणारे गृहस्थ शिस्तीचे होते. ते म्हणाले, बाई चालवत होत्या, आपण शेजारी होतो, आवाज धातूचा आणि बारीक होता, मागच्या डाव्या अंगाने येत होता. "इंजिनाचा वेग वाढवला तरी आवाज वाढला नाही. फक्त धक्क्याला यायचा," एवढंही त्यांनी टिपून ठेवलं होतं. कानसेनांनी मनातल्या मनात त्यांना सलाम ठोकला.

तिसरे बाईंचे दीर. गावाबाहेर त्यांची रोपवाटिका होती. आठवड्यातून दोनदा वहिनीची गाडी घेऊन ते कुंड्या पोचवायला जात. कानसेन गेले तेव्हा ते मातीने भरलेल्या हातांनी रोपं पिशव्यांत लावत होते. कोटाचं वरचं बटण जाळीच्या तारेने पिळून बसवलेलं होतं.

"आवाज? कसला आवाज? मी इतक्यांदा नेली गाडी, मला तर एकदाही आला नाही. वहिनीच्या मनाचे खेळ आहेत, काका. दादा गेल्यापासून तिला रिकामं घरसुद्धा वाजतं."

"कुंड्या कुठे ठेवता?"

"मागच्या सीटवर. डिकीत कलंडतात. दारापासून दारापर्यंत गच्च. वहिनीच्या अंगणातच भरतो, येताना रिकाम्या कुंड्या तशाच रचून आणतो." त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "तिला म्हटलं होतं मी, विकायचीच तर मला दे. मला उपयोगी आहे. पण तिला बाहेरचा माणूस हवा. म्हणते, गाडी डोळ्यांसमोर दिसायला नको."

"हे केव्हाचं बोलणं?"

"तिने काचेवर 'गाडी विकणे आहे' चिकटवलं ना, त्याच दिवसाचं."

कानसेनांनी हिशोब केला. कागद चिकटवला सोमवारी. बाईंनी पहिल्यांदा आवाज ऐकला बुधवारी.

४

आता घरातलं एकच माणूस विचारायचं राहिलं होतं.

सासरे खिडकीशी बसून शिवत होते. नाटक कंपनीच्या कपडेपटात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. राजाचे अंगरखे, चोराचे फाटके सदरे, सगळं त्यांच्या हातचं. आता ऐंशीला टेकले होते, पण सुई अजून चष्मा कपाळावर सरकवून नुसत्या डोळ्यांनी ओवत. मांडीवर निळ्या कापडाचा पडदा होता.

"सुनेच्या नव्या घराला," ते म्हणाले. "तिने खिडकीचं माप दिलंय. उन्हाचं घर आहे म्हणे."

"सुरेख झालाय." कानसेनांनी पडद्याची वरची कडा हातात घेतली. जुन्या, जाड पितळी कड्या ओळीने टाचलेल्या होत्या. शेवटच्या दोन जागी नुसतेच दोऱ्याचे फास होते.

"दोन कड्या कमी पडल्या," सासरे चटकन म्हणाले. "या नाटकाच्या पडद्याच्या. आता असल्या मिळत नाहीत."

"गाडीतला आवाज ऐकलात का तुम्ही?"

"मी दर गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. ती नेते. मागे, डावीकडे बसतो, माझी जागा ठरलेली आहे. मला कधी काही ऐकू आलं नाही."

"कान बरे आहेत तुमचे?"

"कान?" सासरे हसले. "बाहेर फाटकाची कडी हलली की मला कळतं कोण आलं. तिच्या पावलांचा आवाज वेगळा आहे. ती आली की दार उघडायच्या आधी एक क्षण थांबते. रोज. माझा मुलगा होता तेव्हाही थांबायची, आता तो नाही तरी थांबते. असं वाटतं, आत कोणाचा तरी आवाज येतोय का ते ऐकते. मग मी खोकतो. म्हणजे तिला कळावं, आहे कोणीतरी."

सासऱ्यांनी मान खाली घातली आणि सुई कापडात खुपसली. कापड नव्हतं तिथे. सुई बोटात गेली होती.

५

"तुला आवाज का आला नाही ते कळलं," कानसेनांनी गॅरेजात पाऊल ठेवताच लेकीला सांगितलं. "तू मागे बसलीस म्हणून."

"ऐकायला मागेच बसणार ना?"

"तेच. ज्यांनी ऐकला त्यांची यादी कर. बेकरीवाला एकटा. शिकवणारे गृहस्थ पुढे. बाई एकट्या, किंवा मी शेजारी. प्रत्येक वेळी मागची सीट रिकामी. आता ज्यांनी नाही ऐकला. सासरे मागे. तू मागे. दिराच्या कुंड्या मागे. सीटवर वजन पडलं की आवाज दबतो. म्हणजे तो सीटच्या खाली नाही, सीटच्या पोटात आहे. जुनी सीट, आत स्प्रिंगा. बसलं की स्प्रिंग मिटते आणि जे काही तिच्यात अडकवलंय ते चिमटीत धरलं जातं. उठलं की सुटतं, आणि धक्क्याला वाजतं."

लेक पाना हातात धरून तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "अप्पा, आणि तुम्हाला? तुम्हाला आला ना आवाज?"

कानसेन खुर्चीवर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

"नाही आला. दोन वर्षं झाली. बारीक काहीच येत नाही."

"मला माहीत आहे."

"तुला?"

"फोन वाजला की मी तो तुमच्यासमोर आणून का धरते? किटली सारखी मीच का उतरवते? वाट बघत होते, तुम्ही कधी सांगाल." तिचा आवाज चिरकला, पण ते त्यांना तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "मी गाते ते तुम्हाला ऐकू येत नाही, हे कळल्यावर मी मोठ्याने गायला लागले. शेजारी तक्रार करतात."

तिने नाक पुसलं आणि गॅरेजातच उभ्या असलेल्या बाईंच्या गाडीच्या मागच्या सीटचा पट्टा ओढला. सीट बाहेर काढून उलटी केली. खालून गोणपाट शिवलेलं होतं. पूर्वी तिने नुसती नजर टाकली होती. या वेळी कानसेनांनी तिला बोटाने दाखवलं: तीन बाजूंना कारखान्याची मशीनची शिलाई, चौथ्या बाजूला वीतभर हाताची. मेण लावलेला दोरा, मुंगीच्या पावलाएवढे टाके, एकही वाकडा नाही.

तिने ती वीतभर शिलाई उसवली आणि आत हात घातला. डाव्या बाजूच्या एका स्प्रिंगमध्ये दोन पितळी कड्या ओवलेल्या होत्या.

"हे कोणी केलं? दिराने? स्वस्तात मिळावी म्हणून?"

"ज्याला गाडी स्वस्तात हवी, तो आवाजाचा बोभाटा करील. दीर म्हणतो आवाज नाहीच. शिवाय त्याला स्वतःचं बटण शिवता येत नाही, तारेने पिळलंय." कानसेनांनी कड्या तळहातावर घेतल्या. "बाई दिवसभर ग्रंथालयात असतात. गाडी घरी, फाटकाच्या आत. असले टाके घालणारा हात या गावात एकच आहे. त्याच्या मांडीवरच्या पडद्याला अशाच दोन कड्या कमी आहेत."

"पण त्यांना गाडीचं काय एवढं?"

"गाडीचं काही नाही," कानसेन म्हणाले. "तू बाईंना अजून काही सांगू नकोस. मी आधी जाऊन येतो."

६

कानसेनांनी कड्या पडद्यावर ठेवल्या. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"केव्हा कळलं?"

"आत्ता दुपारी."

"पहिल्यांदा एकच घातली होती. वाजेना. मग दुसरी घातली." सासरे शांतपणे बोलत होते, जणू एखाद्या अंगरख्याचं माप सांगत होते. "गाडी विकली गेली की ती जाईल. तिने असंच ठरवलं होतं, आधी गाडी, मग सामान, मग ती. म्हटलं, पहिलंच काम अडकलं तर... चार दिवस. आठ दिवस. माझा हिशोब त्यापुढे गेलाच नाही."

"तिला सांगायचं होतंत की जाऊ नकोस."

"कोणत्या तोंडाने? चांगली नोकरी आहे. बहीण जवळ. वय आहे तिचं. आणि मी कोण तिचा? मुलगा होता तोवर ती सून होती. आता कोणी विचारलं, ही तुमची कोण, तर काय सांगू? शब्द तर हवा ना काहीतरी."

मागे दार उघडं होतं. ग्रंथपाल बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या नेहमीसारख्या क्षणभर थांबल्या असतील, आणि आज आतून खोकल्याऐवजी हे सगळं ऐकू आलं होतं.

"दोन गिऱ्हाईकं गेली," त्या म्हणाल्या. "मी रात्र रात्र जागले, बाबा. मला वाटलं, मीच वेडी झालेय. मला वाटलं, तो... मला काय काय वाटलं, ते तुम्हाला नाही कळायचं. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून पडदे शिवत होतात!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणू नका! एकदा, एकदा तरी तोंडाने बोलायचं होतंत!"

"तू तरी कुठे विचारलंस?" सासऱ्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "येता का म्हणून एकदा तरी विचारलंस?"

बाई भिंतीला टेकत म्हणाल्या, "भाऊजींना विचारलं होतं. ते म्हणाले, बाबा हे घर सोडायचे नाहीत, उगाच विषय काढून त्यांना त्रास देऊ नकोस."

"मला विचारायचं ना! त्याला काय विचारतेस? त्याला झाडांशी बोलायची सवय, ती उत्तर देत नाहीत."

कानसेन उठून निघाले होते. दाराशी पोचले तेव्हा बाई बोलायला लागल्या होत्या. त्या हळू बोलत होत्या, आणि कानसेनांना ते कळलं ते नुसतं ओठांवरून.

"माझे वडील मी तीन वर्षांची असताना गेले. बाबा हा शब्द मी कोणाला कधी म्हटलाच नव्हता. या घरात आले तेव्हा पहिले सहा महिने तुम्हाला हाक मारायची टाळत होते. सवय नव्हती जिभेला. तुम्हाला शब्द हवाय ना? मी तो बारा वर्षं वापरतेय."

७

गाडी बेकरीवाल्यानेच नेली. कानसेनांनी त्याला सीट उघडून दाखवली, वीटभट्टीच्या रस्त्याने हिंडवून आणलं. तो परत आला तो हसतच.

ग्रंथपाल बाई ठरल्या दिवशी गेल्या. एका संध्याकाळच्या बोलण्याने सहा तासांचा रस्ता लहान होत नाही. सासरे म्हणाले, आत्ता नको, पुढे बघू. त्यांची बायको याच घरात गेली, मुलगा याच घरातून कामावर गेला तो आला नाही. घर असं झटकन सुटत नव्हतं. बाईंनी फार आग्रह केला नाही, आणि त्याचं दोघांनाही वाईट वाटलं असणार. मधल्या काळात कानसेन अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. एकाला ऐकू कमी यायचं, दुसरा बोलायचा कमी, त्यामुळे बैठक चांगली जमायची.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी सासऱ्यांनी निरोप पाठवला, बसस्टँडवर सोडायला चला.

त्यांची बॅग कानसेनांना एका हाताने उचलेना.

"किती दिवस जाताय?"

"दोन."

"दोन दिवसांना एवढं? शिवणाचं मशीन भरलंय की काय?"

सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हिवाळ्याचे कपडे घेतलेत. तिकडे थंडी लवकर पडते म्हणे."

"हिवाळा अजून दोन महिने लांब आहे."

"माहीत आहे मला."

"तिने किती दिवस या म्हटलंय?"

"या म्हणाली. किती दिवस ते नाही म्हणाली. मीही नाही विचारलं."

कानसेनांनी बॅग धप्पकन खाली ठेवली. "तुम्ही दोघं पुन्हा सुरू झालात! लावा फोन. आत्ताच्या आत्ता. माझ्यासमोर."

सासऱ्यांनी बराच वेळ फोनकडे पाहिलं. मग लावला. स्टँडवर गलका होता, त्यामुळे त्यांना ओरडूनच विचारावं लागलं. "मी म्हटलं, किती दिवस राहू? अगं, दिवस! राहू किती दिवस?" बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. पलीकडून थोडंसंच बोलणं झालं. सासऱ्यांनी फोन खिशात ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, परतीचं तिकीट काढलं असेल तर आधी ते रद्द करा, मग बसमध्ये चढा."

"आणि काढलंय?"

"परवाचं."

बस सुटायला वीस मिनिटं होती. तिकीट खिडकीपुढे चार माणसांची रांग होती. सासरे बॅग तिथेच टाकून लगबगीने गेले आणि रांगेत शेवटी उभे राहिले.